पेव किती भरायचं? मराठवाड्यात जमिनीखालच्या लूपचं माप काढण्याची रीत

जिओथर्मल म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आठवतं, गरम पाण्याची कुंडं. इथे त्याचा काही संबंध नाही. आपला विषय साधा आहे. मे महिन्यात दुपारी बाहेर ४२-४३ अंश असतात, पण त्याच वेळी शंभर-दोनशे फूट खाली खडक २७ ते २९ अंशांवर असतो. एसीने खोलीतली उष्णता त्या तापलेल्या हवेत ढकलण्यापेक्षा खडकात सोडली तर कॉम्प्रेसरचे कष्ट वाचतात. त्यासाठी बोअरमध्ये प्लॅस्टिकच्या पाइपचा यू आकाराचा लूप सोडतात, त्यातून पाणी फिरवतात आणि वर हीट पंप, म्हणजे खोलीतली उष्णता हवेऐवजी या पाण्यात सोडणारं एसीसारखं यंत्र, बसवतात. पाणी तेच ते फिरतं, उपसा काहीच नाही.

प्रश्न एवढाच की असा लूप किती लांब हवा. इथे बहुतेक लोक फसतात, कारण ठोकताळे थंड देशांतून आलेले असतात. तिकडे हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतात आणि उन्हाळ्यात परत घालतात. आपल्याकडे काढणं जवळपास नाहीच. जुन्या वाड्यात धान्याचं पेव असायचं ना, तसं समजा. दरवर्षी ओतत राहिलात आणि काढलं काहीच नाही, तर एक दिवस तोंडापर्यंत भरणारच. मराठवाड्यात लूपचं माप काढायचं म्हणजे हे पेव दहा वर्षांत किती भरेल याचा हिशोब करायचा. शिखराच्या तासाचा, म्हणजे सर्वांत जास्त भाराच्या तासाचा, हिशोब त्या मानाने सोपा.

सगळी आकडेमोड एकाच उदाहरणावर करू. समजा लातूरला एक अभ्यासिका आहे, पहाटे ६ ते रात्री ११ चालणारी, आणि वरच्या दोन मजल्यांवर १०० मुलांचं वसतिगृह. थंड करायचा आहे तो फक्त खालचा हॉल.

पायरी १: भार मोजा, आणि आधी तो कमी करा

‘दीडशे चौरस फुटाला एक टन’ हा हिशोब दुकानापुरता ठीक, बोअर मारायला नाही. छत पत्र्याचं की स्लॅबचं, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, किती मुलं बसतात, ताजी हवा किती आत घेता, हे एकेक मांडा. बसून अभ्यास करणारा एक माणूस साधारण ११५ वॅट उष्णता सोडतो. म्हणजे शंभर मुलांचे सव्वातीन टन नुसते माणसांचेच झाले.

आमच्या अभ्यासिकेचा शिखर भार १० टन, म्हणजे ३५ किलोवॅट धरू. पुढे दिसेल की एका टनामागे सुमारे ४६० फूट बोअर लागतो. गच्चीला पांढरा थर आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे करून एक टन वाचवला, तर तो खर्च बोअरवाल्याच्या बिलातूनच निघतो. म्हणून रंगारी आधी बोलवा, रिग मागाहून.

पायरी २: जमिनीत जाणारी उष्णता, तीन वेगळ्या मापांनी

जमिनीत फक्त खोलीची उष्णता जात नाही, कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊन तिकडेच जाते. हीट पंपाची कार्यक्षमता गरम पाण्यावर ४ धरली, म्हणजे एक युनिट वीज खाऊन तो खोलीतली चार युनिट उष्णता काढतो असं मानलं, तर ३५ किलोवॅटचे ३५ × १.२५, म्हणजे ४४ किलोवॅट होतात. छापील पत्रकावरचा सर्वांत देखणा आकडा धरू नका. तो बहुधा थंड पाण्यावर घेतलेला असतो. पंपात शिरणारं पाणी ३८ अंशांचं असताना काय मिळतं, ते विचारा.

आता तीन आकडे हवेत.

शिखराच्या सहा तासांचा: ४४ किलोवॅट.

सर्वांत कडक महिन्याची, म्हणजे मे ची, सरासरी: रात्रीचे बंद तास आणि सकाळचा हलका भार धरून २० किलोवॅट.

वर्षाची सरासरी: वर्षभराचं थंड करणं १,८०० पूर्ण भाराच्या तासांइतकं आहे असं धरू. ४४ × १,८०० म्हणजे सुमारे ७९,००० युनिट उष्णता. ती वर्षाच्या ८,७६० तासांवर पसरली की ९ किलोवॅट.

हा तिसरा आकडा सगळ्यांत लहान दिसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण हा ९ कधीच बंद होत नाही. पेव भरणारा तोच.

पायरी ३: खाली खडक कोणता?

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत संशोधनासाठी जो खोल बोअर घेतला, त्यात हा बेसाल्ट ३३८ मीटर जाडीचा निघाला. म्हणजे शंभर मीटरच्या बोअरला तिथे बेसाल्टच लागणार. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे मात्र ग्रॅनाइट वर येतो, आणि तिथल्या माणसाला नशीबवान म्हणायला हवं. ग्रॅनाइट उष्णता चांगली वाहून नेतो, साधारण २.५ ते ३.५ वॅट प्रति मीटर-केल्विन. बेसाल्टला १.३ ते २.३ च्या मध्ये समाधान मानावं लागतं, आणि हिशोबाला १.७ धरतात.

पण बेसाल्ट म्हणजे एकसंध खडक नव्हे. बोअरवाला वरून खाली काय सांगतो ते लिहून घ्या: काळी माती, मुरूम, मग काळा पाषाण, मध्ये मांजऱ्या, एखादा गेरूचा पट्टा, पुन्हा पाषाण. घट्ट पाषाण उष्णता नीट नेतो. मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत पाणी असेल तर तोही चालतो, पण कोरडा पडला की त्याची वाहकता घसरते. आणि आपल्याकडे तो नेमका एप्रिल-मे मध्ये, भार सर्वांत जास्त असताना, कोरडा पडतो. म्हणून वाहकतेचा आकडा नोव्हेंबरच्या ओल्या बोअरवरून ठरवू नका.

जमिनीचं तापमान घरच्या घरीही अदमासता येतं. जवळच्या चालू बोअरची मोटर पंधरा मिनिटं चालवा, पाइपमधलं उन्हात तापलेलं पाणी निघून जाऊ द्या, मग तोंडाशीच थर्मामीटर धरा. येईल तो आकडा पहिल्या हिशोबाला पुरतो. आपण २८ अंश धरू.

काळ्या मातीत दोन मीटरवर आडवे पाइप पुरायचा मोह होईल, कारण जेसीबी स्वस्त पडतो. करू नका. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, पाइपभोवती हवा राहते आणि उष्णता जायला वाटच उरत नाही. शिवाय एवढ्या कमी खोलीवर उन्हाळ्याची धग पोचतेच.

पायरी ४: चाचणीचा बोअर

पाच टनांच्या खालचं काम असेल तर वरचे अंदाज धरून थोडं सढळ माप घ्या. त्याहून मोठ्या कामाला थर्मल रिस्पॉन्स टेस्ट कराच. यासाठी मारलेला बोअर वाया जात नाही, पुढे तोच जाळ्यात जोडायचा.

रीत अशी. पूर्ण खोलीचा एक बोअर मारा, लूप सोडा, ग्राउट (पाइप आणि खडक यांच्यामधली जागा भरणारं मिश्रण) भरा आणि किमान पाच दिवस थांबा. आधी हीटर बंद ठेवून पाणी अर्धा तास फिरवा. त्यातून जमिनीचं खरं तापमान कळतं. मग मीटरमागे ५० ते ८० वॅट उष्णता सलग ४८ तास सोडा आणि आत-बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान दर मिनिटाला नोंदवा. शंभर मीटरला ६ किलोवॅटचा हीटर चालतो.

पहिल्या बारा तासांच्या नोंदी सोडून द्या. उरलेल्या सरासरी तापमानाचा आलेख वेळेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमसमोर काढला की सरळ रेष येते. तिचा उतार २.८ आला, तर वाहकता = ६,००० ÷ (४ × ३.१४ × १०० × २.८) = १.७.

यात महत्त्वाचं काय, तर वीज. मध्येच अर्धा तास लाइट गेली किंवा व्होल्टेज हललं, तर रेष वाकते आणि चाचणी बाद होते. पुन्हा सुरू करायची तर जमीन निवायला दहा-बारा दिवस थांबावं लागतं. महावितरणच्या भरवशावर ही चाचणी करू नये. जनरेटर भाड्याने आणा, आणि दोन रात्री डिझेलकडे बघायला माणूस ठेवा.

पायरी ५: लांबीचं गणित

अ‍ॅश्रेच्या (अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची संघटना) हँडबुकातली रीत मराठीत मांडली तर अशी:

लांबी = [शिखर × (बोअरचा अडथळा + ६ तासांचा अडथळा) + महिन्याची सरासरी × महिन्याचा अडथळा + वर्षाची सरासरी × १० वर्षांचा अडथळा] ÷ (लूपमधल्या पाण्याचं सरासरी तापमान − जमिनीचं तापमान − शेजारवाढ)

अडथळा म्हणजे उष्णतेच्या वाटेतला रोध. सहा इंची बोअर आणि १.७ वाहकता असली तर ६ तासांचा अडथळा ०.१०, महिन्याचा ०.२१ आणि १० वर्षांचा ०.२२ येतो. चाचणीत वाहकता १.४ निघाली, तर हे तिन्ही आकडे १.७ ÷ १.४ ने गुणा. चांगलं ग्राउट भरलेल्या बोअरचा स्वतःचा अडथळा ०.१० धरू. शेजारवाढ हा शब्द माझा आहे. आजूबाजूच्या बोअरांनी वर्षानुवर्षं सोडलेल्या उष्णतेमुळे आपल्या बोअरजवळची जमीन जेवढी तापते, ती शेजारवाढ.

पाण्याचं तापमान तुम्ही ठरवायचं. शिखराच्या वेळी हीट पंपात ३८ अंशांचं पाणी शिरावं आणि ४३ चं बाहेर पडावं, सरासरी ४०.५. याहून कमी धरलं तर बोअर वाढतात, आणि जास्त धरलं तर पंप साध्या एसीइतकीच वीज खाऊ लागतो. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

वरची बाजू: ४४,००० × ०.२० = ८,८००. २०,००० × ०.२१ = ४,२००. ९,००० × ०.२२ = १,९८०. बेरीज १४,९८०.

शेजारवाढ शून्य धरली तर खालची बाजू ४०.५ − २८ = १२.५, आणि लांबी सुमारे १,२०० मीटर. शंभर मीटरचे १२ बोअर.

इथे थांबून ‘मीटरला ५० वॅट’ हा प्रसिद्ध ठोकताळा तपासू. ४४,००० ÷ ५० = ८८० मीटर. मग १४,९८० ÷ ८८० = १७, म्हणजे पाण्याची सरासरी शेजारवाढ न धरताच ४५ वर जाते. काही उन्हाळ्यांत ती ५० कडे सरकते आणि हीट पंप दाबामुळे ट्रिप होऊ लागतो. पहिल्या वर्षी सगळं झकास चालतं, हीच यातली गोम. काम करणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो आणि तक्रार चौथ्या वर्षी येते.

पायरी ६: शेजारवाढ, म्हणजे पेव किती भरलं

बारा बोअर सहा-सहा मीटरवर तीन रांगांत घेतले आणि वर्षाला ७९,००० युनिट ओतत राहिलो, तर दहा वर्षांत शेजारवाढ साडेसहा अंशांच्या आसपास येते. १२.५ मधले निम्मे तिथेच गेले. मग बोअर वाढवा, पण वाढवलेले बोअरही एकमेकांचे शेजारीच. असं पुन्हा पुन्हा मोजत गेलं की गाडी सुमारे २० बोअरांवर थांबते. तेच अंतर ८ मीटर केलं तर १८. म्हणून थंड देशांतलं सहा मीटरचं अंतर इथे अपुरं आहे. आठ मीटर धरा, आणि जागा असेल तर चौकोनी ठाशीव जाळ्याऐवजी कुंपणाच्या कडेने एका-दोन रांगांत पसरवा. ज्या बोअरच्या एका बाजूला मोकळी जमीन आहे, तो निवतो.

भेगांतून वाहणारं भूजल उष्णता घेऊन जाईल, असं कोणी म्हणेल. जाईलही, पण दुष्काळी वर्षी ते पाणीच नसतं. त्याचा फायदा बोनस समजा, हिशोबात घेऊ नका.

खरा उपाय आहे पेवातून काढणं. अभ्यासिकेला दोन वाटा आहेत.

पहिली वाट वसतिगृहाच्या अंघोळीची. १०० मुलांना रोज ४० लिटर गरम पाणी लागतं, २५ चं ४५ अंश करायला दिवसाला ९३ युनिट. वर्षाचे २४० दिवस धरले तर २२,३०० युनिट. गीझरऐवजी याच लूपवर पाण्याचा वेगळा हीट पंप लावला, तर त्यातला तीन चतुर्थांश भाग, सुमारे १६,७०० युनिट, जमिनीतून निघतो.

दुसरी वाट हिवाळी रात्रींची. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे रात्री हवा १०-१५ अंशांवर येते. परभणीकर तर याहून खालचे आकडे सांगतील. लूप तेव्हा तिशीत असतो. रेडिएटर आणि पंखा एवढाच ऐवज असलेला कोरडा कूलर छतावर ठेवायचा आणि लूपचं पाणी रात्रभर त्यातून फिरवायचं. २५ किलोवॅट × १० तास × ९० रात्री = २२,५०० युनिट. पाण्याचा थेंबही लागत नाही.

दोन्ही वजा केल्यावर वर्षाचे ७९,००० पैकी ४०,००० च्या आत युनिट जमिनीत उरतात, सरासरी साडेचार किलोवॅट. आता वरची बेरीज १३,९९०, आणि आठ मीटर अंतरावर शेजारवाढ २.४. लांबी = १३,९९० ÷ १०.१ = १,३८५. शंभर मीटरचे १४ बोअर. अठरावरून चौदा. वाचलेल्या चार बोअरांच्या पैशात कूलर किती येतो, ते कोटेशन मागवून बघा. वाहकता १.४ निघाली तर मात्र दोन-तीन बोअर वाढवावे लागतील.

साधा कूलिंग टॉवर लावला तर बोअर आणखी कमी होतात, पण कशाच्या जिवावर? सगळी उष्णता टॉवरने टाकायची तर पूर्ण भाराला तासाला ६५ लिटर पाण्याची वाफ होते. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास, आणि क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी धरलं तर दीड लाखाच्या वर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या गावात हा उपाय मी तरी सुचवणार नाही.

पायरी ७: बोअर, पाइप आणि ग्राउट

आधी परवानगी. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरच्या पुढच्या विहिरींवर बंधनं आहेत. आपला बोअर पाणी उपसत नाही हे खरं, पण ते अर्जात लिहून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारूनच रिग बोलवा. खोली ६० मीटरवर अडली, तर १४ ऐवजी २४ बोअर आणि तेवढी जास्त जागा.

बोअरवाल्याशी फुटांत बोला: शंभर मीटर म्हणजे ३३० फूट. त्याला पाणी लागलं की आनंद होतो आणि तो थांबायला बघतो. इथे पाणी लागणं हे यश नाही, ३३० फूट पूर्ण होणं हे यश आहे, असं आदल्या दिवशीच समजावून सांगा. माती आणि मुरमापुरतं केसिंग घ्या.

पाइप एचडीपीई, पीई १००, एसडीआर ११, ३२ मिलिमीटरचा. तळाचा यू कारखान्यातूनच जोडून आलेला हवा. साइटवर एल्बो जोडून यू बनवणाऱ्याला परत पाठवा. खाली सोडण्याआधी आणि सोडल्यावर, दोन्ही वेळा दाबाची चाचणी घ्या.

आता ग्राउट. सगळ्यांत जास्त चोरी इथे होते. ‘साहेब, चुरीच टाकू, तीच माती ना?’ असं ऐकायला येईलच. काही थंड देशांत बोअर पाण्याने भरलेला तसाच सोडतात, कारण तिथे पाण्याची पातळी वर असते. आपल्याकडे मे मध्ये पातळी खोल जाते आणि पाइप कोरड्या हवेत लोंबकळतो. हवेतून उष्णता जात नाही. नुसतं बेंटोनाइटही नको, त्याची वाहकता ०.७-०.८ च असते आणि कोरड्या थरात ते आकसतं. सिमेंट, थोडं बेंटोनाइट आणि भरपूर सिलिका वाळू असं मिश्रण १.५ च्या आसपास नेता येतं. तळापर्यंत नळी सोडून खालून वर भरा. वरून ओतलं तर मध्ये पोकळ्या राहतात. बोअरचा अडथळा ०.१० ऐवजी ०.१५ झाला, तर वरच्या गणितात २१८ मीटर वाढतात, म्हणजे दोन बोअर. शिवाय ग्राउट नसलं तर वरच्या थरातलं घाण पाणी बोअरच्या वाटेने खालच्या चांगल्या पाण्यात उतरतं. गावाच्या पाण्याशी असा खेळ करू नये.

पायरी ८: पाण्याचा प्रवाह

हे लवकर संपतं. टनाला मिनिटाला ११ ते १३ लिटर. आपल्याला १२६ लिटर, चौदा बोअरांत वाटले तर प्रत्येकी ९. या प्रवाहाला ३२ मिलिमीटरच्या पाइपमध्ये पाणी खळबळत वाहतं, जे हवंच असतं, आणि एका लूपमधला घर्षणाचा दाब जेमतेम एक मीटर. त्यामुळे पंप लहान पुरतो. ‘सेफ्टी’ म्हणून दुप्पट पंप देणाऱ्याला नको म्हणा, तो वर्षभर वीज खाईल. ग्लायकॉल लागत नाही, आपल्याकडे काय गोठणार? सुरुवातीला हवा काढताना मात्र वेग सेकंदाला ०.६ मीटर हवा, म्हणजे एका लूपला मिनिटाला १९ लिटर. त्यासाठी प्रत्येक लूपला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा आणि एकेक करून धुवा.

पायरी ९: वही

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, यंत्र सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी, लूपमधून येणाऱ्या पाण्याचं तापमान वहीत लिहा. मोलाची नोंद १ मार्चची, कारण हिवाळ्यात जमीन किती निवली ते तीच सांगते. पहिली एक-दोन वर्षं ती थोडी चढेल. तिसऱ्या वर्षीही आधीच्यापेक्षा अंशभर जास्त आली, तर कोरडा कूलर नोव्हेंबरपासूनच रात्रीचा लावा.

आणि घरात एकच बेडरूमचा एसी असेल, तर यातलं काहीच करू नका. चांगला इन्व्हर्टर एसी घ्या आणि त्याचं बाहेरचं युनिट सावलीत बसवा.